राष्ट्रिय म्हणजे राजाचा मेहुणा

प्रश्न इंदूरच्याच एका बाईंचा आहे. मुलीच्या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या फॉर्मवर सिटिझनशिप, नॅशनॅलिटी आणि एथ्निसिटी असे तीन रकाने आहेत. तिन्हींना 'राष्ट्रीयत्व' म्हटलं तर चालेल का, आणि तिसऱ्यात 'महाराष्ट्रीयन' लिहावं का?

नाही आणि मुळीच नाही! लग्नाच्या जाहिरातींपासून साबुदाणा खिचडीच्या पाट्यांपर्यंत हे 'महाराष्ट्रीयन' आपल्या इंदुरात बोकाळलंय. 'महाराष्ट्रीय' असताना त्याला इंग्रजी शेपूट कशाला? होळकरांच्या पाठोपाठ आलेली आपली घराणी. सरळ मराठी म्हणा की.

नागरिकत्व हे कायद्याचं नातं, आपल्याकडे १९५५ च्या कायद्यानं ठरणारं. राष्ट्रीयत्व म्हणजे बाहेरचं जग तुम्हाला कुठल्या देशाचं धरतं ते. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, पण अमेरिकेच्या ताब्यातल्या अमेरिकन सामोआ बेटांवर जन्मलेला माणूस अमेरिकेचा 'नॅशनल' असतो, सिटिझन नसतो. सोव्हिएत काळात नागरिकत्व सगळ्यांचं सोव्हिएत, पण पासपोर्टातल्या राष्ट्रीयत्वापुढे रशियन, युक्रेनी, ज्यू.

आता खरी गंमत. अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश सांगतो, 'राजश्यालस्तु राष्ट्रियः'. राष्ट्रिय म्हणजे राजाचा मेहुणा! 'मृच्छकटिक' नाटकातला तो राजाचा माजलेला मेहुणा, शकार, आठवा. त्याची उज्जयिनी इथून हाकेच्या अंतरावर. आणि 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात, अंगठी सापडलेल्या कोळ्याला बांधून आणणाऱ्या शिपायांचा साहेब कोण? 'नागरिकः श्यालः'. म्हणजे नागरिकही मेहुणाच! कौटिल्याचा नागरिक तर नगराचा कारभारी, घराघरांतली माणसं मोजवणारा, धर्मशाळेत कोण उतरलं याची खबर ठेवणारा. ज्यांची मोजदाद व्हायची, त्यांनाच आज आपण नागरिक म्हणतो.

क्षीरस्वामी अमरकोशावरच्या टीकेत म्हणतो की नाटकाबाहेर राष्ट्रिय म्हणजे प्रांताचा अधिकारी. असेल. गिरनारच्या रुद्रदामन राजाच्या शिलालेखात चंद्रगुप्त मौर्याचा राष्ट्रिय म्हणून पुष्यगुप्त येतोच, सुदर्शन तलाव बांधवणारा. पण मग नाटककारांनी मेहुणा काय हवेतून काढला? माझं म्हणणं असं, की हुद्दे सोयरिकीत वाटले जाऊ लागले आणि हुद्द्याचं नाव मेहुण्याला चिकटलं. क्षीरस्वामींनी हा धागा नाटकाच्या पडद्याआड ढकलून दिला, हे काही मला पटत नाही.

पाणिनीचं सूत्र नाचवत मराठीतही ऱ्हस्व 'राष्ट्रिय' लिहा म्हणणारे एक शुद्धलेखनवाले आहेत. त्यांनी हा मेहुणा खुशाल संस्कृतात सांभाळावा. मराठीत दीर्घ 'राष्ट्रीय'च रुळलंय.

हां, फॉर्म! पहिल्या दोन रकान्यांत भारतीय. एथ्निसिटीला 'वांशिकता' म्हणू नका, वंश रक्ताचा. इथे भाषा, चालीरीती, सणवार सगळंच येतं. आपण 'मराठी समाज' म्हणतो ना, तेच ते. पण अमेरिकी फॉर्मवर एथ्निसिटीखाली पुष्कळदा एवढंच विचारलेलं असतं, की तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का. तसं असेल तर 'नाही'वर खूण करा. 'एशियन' लागतं ते रेसच्या रकान्यात.