आंतिपातिको: इटालियनमधला 'डोक्यात जाणारा'

प्रश्न असा आला आहे: जो माणूस अजिबात आवडत नाही, त्याला इटालियनमध्ये रोजच्या बोलण्यात काय म्हणतात? शब्दकोशात 'वाईट' या अर्थी 'कात्तीवो' सापडतो, तो चालेल का?

नाही चालणार. कात्तीवो म्हणजे दुष्ट, खलप्रवृत्तीचा. (मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'कैदी'. सैतानाच्या कैदेत सापडलेला तो दुष्ट, असा त्याचा प्रवास.) जिन्यात समोरासमोर येऊनही मान फिरवणारा शेजारी दुष्ट नसतो. त्याच्यासाठी शब्द आहे आंतिपातिको. जोर 'पा'वर द्यायचा आणि दोन्ही 'त' आपल्या 'ताक'मधल्यासारखे. इंग्रजीच्या सवयीने 'अँटी' म्हणू नका.

मराठीत याला 'खडूस' म्हणावं असं पटकन वाटतं, 'तुसडा'ही जवळचा आहे. पण हे दोन्ही शब्द त्या माणसाचा स्वभाव सांगतात. आंतिपातिको बऱ्याचदा त्याच्यापेक्षा बोलणाऱ्याबद्दलच जास्त सांगतो. इटालियन माणूस सहज म्हणतो, 'मार्को मी स्ता आंतिपातिको'. यातला 'मी' म्हणजे आपला 'मला'. मार्कोने काही वाकडं केलेलं असायलाच हवं असं नाही. तो मला आवडत नाही, बस. माझ्या मते याला सर्वांत जवळचं मराठी म्हणजे 'मार्को माझ्या डोक्यात जातो'. पहिल्या भेटीतच, कारण नसताना कुणी नकोसा वाटला तर पुढे 'आ पेल्ले' जोडतात. पेल्ले म्हणजे कातडी.

लिंग-वचन आपल्या 'चांगला-चांगली'सारखं त्या व्यक्तीप्रमाणे बदलतं: जूलिया असेल तर आंतिपातिका. अनेकवचनात जरा गंमत आहे. पुरुष आंतिपातिची होतात, पण बायका आंतिपातिके. तिथे 'क' टिकतो.

विरुद्धार्थी शब्द सिंपातिको, आणि खरी फसगत इथे होते. सिंपथीशी याचा संबंध जोडून 'सहानुभूती असलेला' असा अर्थ लावू नका. सिंपातिको म्हणजे गप्पिष्ट, हसतमुख, ज्याच्या सोबत वेळ बरा जातो असा. दुसऱ्याचं दुःख समजून घेणारा असेल तर 'कोंप्रेन्सीवो' म्हणतात. शिवाय एखाद्या मुलीच्या दिसण्याबद्दल विचारल्यावर उत्तरात नुसतंच 'सिंपातिका आहे' आलं, तर काय समजायचं ते ऐकणारा समजतो! आपल्याकडच्या 'स्वभावाने चांगली आहे'चीच ही इटालियन बहीण.

हा शब्द शिवी नाही, त्यामुळे चारचौघांत चालतो. मित्राने चेष्टा केली की 'के आंतिपातिको!' असं लाडिकपणे म्हणतात, साधारण 'जा, आगाऊ कुठला!' या सुरात. अनोळखी माणसाला तोंडावर मात्र म्हणू नका. तिथे सूर लाडिक ठेवला तरी उपयोग नाही.