सगळे छंद दोन-तीन महिन्यांत सुटतात, मग जगायला काही हेतू सापडणार तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की वय चौतीस, नोकरी बरी आहे, तीन वर्षांत गिटार, रनिंग, स्केचिंग, बेकिंग सगळं करून झालं, दरवेळी सामान आणलं आणि सुरुवातीचा जोर ओसरला की ते माळ्यावर गेलं, आणि आता नवीन काही सुरू करायचीच भीती वाटते. मी ह्याच वाटेने गेलोय म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

मी देवगड तालुक्यातला. एकोणीस वर्षं डोंबिवलीत काढली, वडील गेल्यावर २०२१ ला बायको-मुलीसकट गावी परत आलो, आता तालुक्याला एका पतसंस्थेत आहे. साडेपाचला घरी. डोंबिवलीत लोकलमध्ये जाणारे रोजचे तीन तास अचानक हातात आले आणि त्यांचं करायचं काय तेच कळेना. संध्याकाळी सातनंतर गावात जो अंधार पडतो ना, तो मुंबईहून आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी फार जड जातो. मी पडवीत मोबाईल घेऊन बसायचो आणि आई आतून बघत असायची, बोलायची काही नाही.

मग सुरू केले छंद. पहिला कॅमेरा, सेकंडहँड घेतलेला. विजयदुर्ग झाला, कुणकेश्वरचा किनारा झाला, श्रावणात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फुलं येतात तीही झाली. कातळशिल्पं बघायचं वेड लागलं ते त्याच नादात. २०२२ मध्ये कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली त्यातलं आमच्या जिल्ह्यातलं एकच आहे, मालवण तालुक्यातलं कुडोपी, तिथे मी दोनदा जाऊन आलो. तापलेल्या जांभ्यावर एवढ्या मोठ्या आकृत्या कोरल्यात त्या बघताना कोणी एकट्याने फावल्या वेळात हे केलं असेल असं मला काही वाटलं नाही, ह्यात बरेच हात लागले असणार. तेव्हा हा विचार नुसता येऊन गेला.

पुढच्या पावसाळ्यात कॅमेरा कपाटात राहिला आणि काढून बघतो तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कोकणात लेन्स हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवावी लागते हे मला माहीत नव्हतं. दुरुस्तीला पाठवता आली असती पण मी पाठवली नाही, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच झालं होतं. फोटो काढून दाखवणार कोणाला, फेसबुकवर पन्नास लाईक यायचे आणि संध्याकाळ होती तशीच असायची.

मधल्या काळात आंब्याची कोय कलमंही केली. कोय रुजून तांबूस कोवळा कोंब आला की त्याला पाचर मारून हापूसची काडी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची, भर पावसाळ्यातलं काम. पहिल्या वर्षी वीस बांधली, तीन जगली. दुसऱ्या वर्षी अकरा. हे अजून करतो, बरं वाटतं, पण त्याला मी हेतूबितू म्हणणार नाही. सगळ्याच छंदांकडे एवढं मोठं मागू नये, काही नुसते बरे वाटण्यापुरते असले तरी चालतात.

आता मुख्य गोष्ट. २०२२ चे गणपती. आमच्या वाडीत तेवीस घरं, ज्याचे जेवढ्या दिवसांचे गणपती असतील त्या हिशोबाने रोज रात्री भजनी मंडळी घरोघर फिरते, लहानपणी मीही झांज घेऊन फिरलोय. त्या वर्षी पखवाजच नव्हता. म्हणजे पखवाज होता, वाजवणारा नव्हता, आमच्या आबांना (नात्याने लांबचे काका, चाळीस वर्षं वाडीचा पखवाज त्यांच्याच हातात) वैशाखात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. दुसरा वाजवणारा पुण्याला, त्याला रजा नाही. बुवांनी पेटी धरली, झांजा वाजल्या, भजन झालं, पण पाटावर एखादा माणूस कमी बसल्यासारखं ते ऐकू येत होतं. आबा भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती, एकही मात्रा चुकत नव्हती. मी समोरच बसलो होतो, माझी नजर त्या बोटांवरून हलेना.

भजन झालं, काळ्या वाटाण्याची उसळ आली, मी आबांना वाटी भरवत होतो तर ते म्हणाले, "तुका रातचा काय काम नसता मा? फाल्यापासून ये." म्हणजे उद्यापासून. बस एवढंच. तुला आवड आहे का, जमेल का, काही विचारलं नाही. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा.

पहिले तीन महिने ता, दिं, थुं, ना ह्या बोलांपलीकडे गेलो नाही. त्याआधी कणीक शिकलो. पखवाजाच्या उजव्या पुडीला (पुडी म्हणजे चामड्याचं तोंड) कायमची काळी शाई असते पण डाव्या पुडीला वाजवायच्या आधी ताजी कणीक थापावी लागते आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. घट्ट मळली तर चिकटत नाही, सैल झाली तर पसरते, जास्त लावली तर आवाज बद्द, कमी लावली तर खर्ज जातो आणि डबा बडवल्यासारखं वाटतं. आबा बाजेवर डोळे मिटून असायचे, मी थाप मारायचो आणि ते म्हणायचे, "पानी लाव." परत थाप. "हां, आता." महिनाभर हे चाललं होतं. माझी मुलगी ओसरीवर अभ्यास करता करता आधी सांगायला लागली, बाबा कमी आहे. पावसाळ्यात तर चामडं ओल धरतं, पुडीचा सूर उतरतो, वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून परत वर आणायचा आणि तासाभराने परत तेच.

मी ह्यातसुद्धा कंटाळलो. हे मुद्दाम सांगतो कारण तुम्हाला वाटत असेल की खरा छंद सापडला की कंटाळा येतच नाही. तिसऱ्याच महिन्यात आला, अगदी तुमच्यासारखाच, हात दुखतोय, प्रगती शून्य, कशाला हे. फरक एवढाच होता की कॅमेरा सोडला तेव्हा कोणाला कळलंही नाही, इथे दोन दिवस गेलो नाही तर तिसऱ्या दिवशी आबांची सून दारात, "आबा जेवक नाय, म्हणतत तो येतलो." मग जेवण तसंच ठेवून गेलो. त्यानंतर कंटाळा आला तरी जातोच, आणि कंटाळा येऊन गेल्यावरही आपण तिथेच बसलेले असतो हे मला ह्या वयात पहिल्यांदा कळलं.

२०२३ च्या गणपतीत मी भजनी ठेका धरला, आठ मात्रांचा, साधा. गजराला लय माझ्या हातून पळाली, बुवांनी नुसती मान हलवली आणि झांजवाल्यांनी मला धरून परत जागेवर आणलं. तेवीस घरं पूर्ण केली. शेवटच्या रात्री आबांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला, त्याबद्दल मला इथे जास्त लिहिता येणार नाही.

म्हणून तुम्हाला माझं म्हणणं असं आहे की आपलं पॅशन शोधा वगैरे जे सांगतात त्यात तुम्ही पडू नका. घरात बसून मला काय आवडतं ह्याचा शोध मी वर्ष-दीड वर्ष घेतला, हाताला काही लागलं नाही. तुमची यादी परत बघा, त्यातलं सगळं तुम्ही एकट्याने केलंय, एक दिवस गेला नाहीत तर कोणाचं काही अडत नव्हतं. आता सामान आणू नका. तुमच्या आसपास कुठे माणूस कमी पडतोय ते बघा, ग्रंथालय असेल, शाळेचं मैदान असेल, नाटकाचा ग्रुप असेल, तुमच्या गिटारला एखाद्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये जागा असेल, आणि तिथे जाऊन मला येत नाही पण शिकेन म्हणा. आवड आधी लागतेच असं नाही, मला पखवाजाची आवड लागायला वर्ष गेलं.

ह्यानेही तुमचं रितेपण लगेच जाणार नाही. माझ्याही काही संध्याकाळी अजून तशाच जातात. आणि झोप, भूक, कामात मन हे सगळंच गेलं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, ते छंदाने भागत नाही.

आबा मागच्या माघात गेले. पखवाज आता आमच्या ओटीवर असतो. दर रविवारी वाडीतला एक सातवीतला पोरगा शिकायला येतो, मागच्या रविवारी आला नाही, मी कणीक भिजवून बसलो होतो, शेवटी अंधारातून बॅटरी घेऊन त्याच्या घरी गेलो. क्रिकेट खेळताना बोट दुखावलेलं. म्हटलं चल, वाजवू नकोस, डाव्या हाताने नुसता मांडीवर ठेका धर. आला.