मुक्कामी गाडी गेल्यावर

"मॅडम, हे मार्चमध्ये रिटायर होतायत. माझं कसं होणार?"

मी समुपदेशक आहे आणि निवृत्तीबद्दलचा हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येत असतो. गंमत म्हणजे तो बऱ्याचदा निवृत्त होणारा माणूस विचारत नाही, त्याची बायको विचारते. माणूस स्वतः येतो तो निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी, तोही कुणीतरी ओढून आणल्यावर. या काकू मात्र आठ महिने आधी आल्या, म्हणून त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, दोघांना विचारून.

काकूंचे मिस्टर एसटीत वाहतूक नियंत्रक. सातारा जिल्ह्यातल्या एका बसस्थानकावर खिडकीमागे बसून गाड्यांच्या वेळा नोंदायच्या आणि कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं. वाहक म्हणून लागले, बढतीवर नियंत्रक झाले. ३४ वर्षं नोकरी. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात हो," काकू म्हणाल्या. "रोज घरी असले तर?"

तिसऱ्या भेटीला काका आले, काखेत वही घेऊन. वहीत पीएफ, ग्रॅच्युइटी, मुलाच्या घराचा हप्ता, सगळं व्यवस्थित मांडलेलं. एसटीवाल्यांना राज्य सरकारी नोकरांसारखी पेन्शन नसते. पीएफबरोबरच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेची मिळते ती काही हजारांत. त्यामुळे तो हिशेब गरजेचाच होता आणि त्यांनी तो चोख केला होता.

"आणि बाकीची तयारी?" मी विचारलं.

"बाकीची कसली तयारी? ५८ वर्षं झाली की सगळेच रिटायर होतात. झोप काढणार."

मी त्यांना ताण मोजायची एक जुनी यादी दाखवली. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकी डॉक्टरांनी आयुष्यातल्या उलथापालथींना गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १०० वर. नोकरीवरून काढून टाकणं ४७. निवृत्ती ४५. काकांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "म्हणजे सस्पेंड झालेल्या माणसापेक्षा दोनच मार्क कमी?" पहिल्यांदाच ते खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

इथं माझी चूक झाली, तीही सांगते. मी त्यांना छंदांची यादी करायला लावली. सगळेच लावतात. त्यांनी इमानदारीत भजनी मंडळ निवडलं आणि तीन गुरुवार गेले. चौथ्या वेळी मला म्हणाले, "टाळ वाजतात मॅडम, पण साडेआठची कोल्हापूर लागली का नाही, हेच डोक्यात." छंद वाईट नसतो. पण माणसाचं नेमकं काय सुटणार आहे हे कळायच्या आत छंद सुचवणं म्हणजे नाडी न बघता गोळी देणं. ते मी केलं.

मग दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, रंगीत तालीम. त्यांची रजा शिल्लक होती. मी म्हटलं, तीन आठवडे काढा, पण लग्नकार्य नको, देवदर्शन नको, लेकीकडे पुणं नको. नुसतं घरी राहायचं.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या. आठव्या दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं: चहा ६.१०, नाश्ता ८.१५, जेवण १२.४०. अकराव्या दिवशी काकूंचा फोन आला, "मॅडम, यांना डेपोत परत घ्यायला सांगा."

दोघांना बोलावलं. डब्यांवरून भांडण सुरू झालं, पण मुद्दा डब्यांचा नव्हता. थोड्या वेळानं काकू सावकाश बोलायला लागल्या. दुपारी दोन ते चार हा वेळ त्यांचा असायचा. दार लोटून बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर पाय पसरायचे, एक मालिका बघायची, बहिणीशी फोनवर बोलायचं, नाहीतर नुसतं पडून राहायचं. "त्या दोन तासांत मी कुणाची कोणी नसते," त्या म्हणाल्या. आणि आता त्या कॉटवर काका पेपर घेऊन बसत होते.

काकांना हे माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोची एक दुपार असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मी कुठं बसू?"

हे वाक्य मी विसरलेली नाही. हप्ते भरून बांधलेल्या घरात माणसाची बसायची जागा ठरलेली नव्हती, कारण त्याची जागा बसस्थानकावर होती. निवृत्तीच्या तयारीत मी आता हा प्रश्न सगळ्यांना विचारते, अगदी शब्दशः: सकाळी अकरा वाजता घरात तुम्ही कुठं बसणार? गावाकडच्या मोठ्या घरातली माणसंसुद्धा अडखळतात.

दुसरी गोष्ट, छोटी डायरी. रजा संपून ते कामावर गेले, तेव्हा मी सांगितलं की पंधरा दिवस रोज फक्त एवढंच लिहा: आज ड्युटीवर कोणत्या वेळी घड्याळाकडे बघायचं विसरलो? नियंत्रकाला विचारायचा हा खट्याळ प्रश्न होता खरा, त्यांचा पगारच घड्याळाकडे बघण्याचा. माझा अंदाज होता माइक. किंवा चालक-वाहकांनी 'साहेब' म्हणणं.

पंधरा दिवसांत सात नोंदी झाल्या. माइक एकातही नव्हता. पाच नोंदी संध्याकाळनंतरच्या होत्या, आतल्या गावांना जाऊन रात्री तिथंच थांबणाऱ्या मुक्कामी गाड्या सुटून गेल्यावरच्या. त्या वेळी कुणीतरी हमखास मागं राहतं. क्लास सुटायला उशीर झालेली पोरगी, दवाखान्याची पिशवी घेतलेली म्हातारी. मग काकांनी वाहकाला फोन करून गाडी नाक्यावर दोन मिनिटं थांबवली, नाहीतर वडापवाल्याला, म्हणजे खासगी जीपवाल्याला गाठून सीट मिळवून दिली, नाहीतर चहा देऊन ऑफिसात बसवलं आणि घरी फोन लावून दिला. यातलं काहीही त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं.

तेव्हा कळलं की यांचं काय सुटणार आहे. ज्याची खुर्ची सुटते त्याचा उपाय वेगळा, ज्याची माणसं सुटतात त्याला कट्टा पुरतो, ज्याच्या दिवसाचा आकार सुटतो त्याला सकाळची ठरलेली वेळ पुरते. यांना अडलेलं माणूस लागत होतं. ते कुठं मिळेल हे मलाही ठाऊक नव्हतं आणि तसं मी सांगितलं.

मार्चअखेर फेटा, शाल, श्रीफळ, जोडीचा सत्कार झाला. मी आधीच बजावलं होतं की पहिले दिवस गोड जातात. रॉबर्ट ॲचली या समाजशास्त्रज्ञानं निवृत्तीच्या टप्प्यांतल्या सुरुवातीच्या एकाला चक्क मधुचंद्र म्हटलंय, आणि मधुचंद्रानंतर उतार. उतार जूनमध्ये आला. पावसात घरी पडून, भिंतीकडे तोंड. पहाटे चारला जाग, जेवणावरून मन उडालेलं. असं सलग दोन आठवडे चाललं तर बोलून बघू म्हणत थांबायचं नसतं, मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. (जवळ कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.) डॉक्टरांनी औषध लगेच दिलं नाही, दोन आठवड्यांनी परत बोलावलं आणि आधी रक्त तपासून या म्हणाले.

त्यासाठी काका जिल्हा रुग्णालयात गेले. केसपेपरच्या रांगेत त्यांच्याच तालुक्यातला एक म्हातारा, हातात एक्स-रेचं पाकीट, कुठं जायचं ठाऊक नाही आणि परतीची गाडी चुकेल म्हणून कासावीस. "तुमची गाडी सव्वाएकला आहे बाबा," काका म्हणाले, "तोवर दाखवून होतंय." आणि दाखवून झालं. स्वतःचं रक्त द्यायचं राहिलं, ते दुसऱ्या दिवशी दिलं.

आता सोमवारी आणि गुरुवारी ते डबा घेऊन तिकडे जातात. कुठल्या गावची गाडी किती वाजता येते आणि जाते हे तोंडपाठ असल्यामुळे कुणाला आधी पुढं काढायचं ते त्यांना बरोबर कळतं. झोप हळूहळू जागेवर आली. बाकीचे पाच दिवस सगळेच चांगले जातात असं नाही. मधूनच डब्यांच्या चिठ्ठ्या बदललेल्या दिसतात.

बसायच्या जागेचं उत्तर काकूंनी काढलं. मागच्या व्हरांड्यात, रस्ता दिसेल अशी एक खुर्ची टाकली. दोन ते चार काका तिथं. गेल्या भेटीत काकू सांगत होत्या, "तीनची गाडी जाते ना, की आतून ऐकू येतं, 'आज सात मिनिटं लेट.' मी म्हणते, असू दे, टीव्हीचा आवाज वाढवते."