नाइन एमएम विकत घ्या, फॉर्टी फाइव्ह घरी भरा

स. न. वि. वि.

आपले पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. आपण टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहता, आपल्याकडे ग्रीन कार्ड आहे, पिस्तूल नेमबाजीच्या स्थानिक सामन्यांत आपण नियमित उतरता आणि वर्षाला पिस्तुलाच्या दोन आकारांची काडतुसे, नाइन एमएमची सुमारे ५,००० व त्याहून मोठ्या फॉर्टी फाइव्हची सुमारे १,२००, आपल्याला लागतात. ही काडतुसे दुकानातून न आणता, उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वापरून गॅरेजमध्ये स्वतः भरावीत, आणि त्यांतल्या शिशाच्या गोळ्याही स्वतःच ओताव्यात, असा आपला बेत आहे. भरण्याचे यंत्र व त्याचा सरंजाम २,३०० डॉलर, ओतकामाची भट्टी व साचे ७०० डॉलर आणि पहिला कच्चा माल १,८०० डॉलर, असे ४,८०० डॉलर क्रेडिट कार्डावर घालायचे आणि यंत्रसामग्रीचे पैसे अडीच वर्षांत वसूल करायचे, असा आपला हिशोब आहे. घरी पत्नी आणि चार वर्षांची मुलगी आहे, आणि सहा-सात वर्षांनी पुण्याला परतण्याचा विचार आहे.

आपला छंद योग्य की अयोग्य, हे ठरवणे माझे काम नाही, आणि स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला तिथल्या फेडरल कायद्याने परवानाही लागत नाही. माझ्यापुढे प्रश्न एवढाच आहे की हा खर्च बचत म्हणून टिकतो का. माझे उत्तर असे की फॉर्टी फाइव्हपुरता तो टिकतो, नाइन एमएमसाठी जेमतेम टिकतो, आणि गोळ्या ओतण्यासाठी आपल्या घरात अजिबात टिकत नाही.

आपल्या तक्त्यात प्रायमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसून ठिणगी पाडणाऱ्या टिकलीचा, दर ३ सेंट धरला आहे. तो दर २०२० च्या आधीचा आहे. आपणच जोडलेल्या दुकानाच्या पावतीवर आज ७ सेंट दिसतात. पावडरचा, म्हणजे काडतुसातल्या दारूचा, हिशोब मात्र आपण बरोबर केला आहे: एका पौंडात ७,००० ग्रेन, एका काडतुसाला साधारण साडेचार ग्रेन, म्हणजे ४० डॉलरच्या डब्यात दीड हजारांहून थोडी अधिक काडतुसे आणि एकामागे सुमारे अडीच सेंट. लेप दिलेली १२४ ग्रेनची तयार गोळी ९ सेंटला पडते. पुंगळी आपलीच, वेचून आणलेली, म्हणून तिचे शून्य धरू. विक्रीकर, टपालखर्च आणि प्रायमर-पावडर पाठवताना प्रत्येक मागणीवर लागणारे घातक मालाचे वेगळे शुल्क मिळून एक सेंट धरला, तर नाइन एमएमचे काडतूस जवळपास २० सेंटला तयार होते. दुकानात तेच २५ सेंटला मिळते. पाच हजारांवर बचत झाली २५० डॉलर.

फॉर्टी फाइव्हचे गणित निराळे आहे. तिथे दुकानाचा भाव ४५ सेंट आहे आणि घरी भरलेले काडतूस, २३० ग्रेनची गोळी विकत आणूनही, २६ सेंटच्या आसपास पडते. बाराशे काडतुसांवर २२८ डॉलर वाचतात. म्हणजे नाइन एमएमच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी काडतुसे भरून जवळपास तेवढीच बचत होते. शिवाय फॉर्टी फाइव्हची पुंगळी ठसठशीत असते, गवतात पडली तरी हाती लागते. नाइन एमएमच्या पुंगळ्या वाकून वाकून शोधणारा माणूस सामन्याच्या शेवटी मैदानावर एकटाच उरलेला असतो, आणि त्या वेळेचे मोल कोणत्याच तक्त्यात नसते.

वेळेचा विषय निघालाच आहे, तर सांगतो की आपल्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ‘माझा वेळ: मोफत’ असे लिहिलेले पाहून मी थबकलो. यंत्र तासाला पाचशे काडतुसे भरते असे जाहिरातीत लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. पण पुंगळ्या निवडणे, धुणे, वाळवणे, यंत्राची मापे लावणे, काट्यावर वजने तपासणे आणि तयार काडतुसे एकेक करून मापक साच्यात घालून पाहणे हे सारे धरले, तर तासाला तीनशे म्हणजे चांगली गती म्हणावी. दोन्ही प्रकारची मिळून ६,२०० काडतुसे भरायला सुमारे २१ तास लागतील आणि ४७८ डॉलर वाचतील, म्हणजे तासाला २३ डॉलर. त्यावर कर नाही हे खरे, आणि कामात आपल्याला आनंद आहे हेही खरे. पण २,३०० डॉलर वसूल व्हायला यातून जवळपास पाच वर्षे लागतात, आणि तेव्हा आपण पुण्याचे सामान बांधायला घेतलेले असाल.

आता ओतकाम. भंगाराचे शिसे आपल्याला पौंडाला दोन डॉलरने मिळते. एका पौंडात १२४ ग्रेनच्या ५६ गोळ्या होतात आणि २३० ग्रेनच्या ३०. लेप व वीज धरून त्या अनुक्रमे साडेचार व पावणेआठ सेंटला पडतील. तयार गोळ्यांच्या तुलनेत वर्षाला सुमारे ३०० डॉलर वाचतात. परंतु शिसे वितळवून मळी काढणे, लाद्या पाडणे, पुन्हा वितळवून साच्यात ओतणे, खराब निघालेल्या परत भट्टीत टाकणे, लेप देऊन भाजणे आणि शेवटी प्रत्येक गोळी मापात बसवणे, इतक्या पायऱ्यांनंतर तासाला दोनशे गोळ्या हाती लागल्या तरी पुष्कळ. म्हणजे ३१ तासांची मजुरी तासाला दहा डॉलरच्याही आत. आपण ‘चाकाची वजने’, म्हणजे गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात ती शिशाची वजने, ‘फुकट मिळतील’ असेही लिहिले आहे. तो काळ सरत चालला आहे: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, इलिनॉय यांसारख्या काही राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे, आणि टेक्सासच्या टायरच्या दुकानातही बादलीभर वजनांत आता लोखंड आणि जस्त बरेच निघते. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि जस्त ४१९ ला. भट्टी जास्त तापली आणि जस्त मिसळले की मिश्रण साच्यात नीट भरत नाही आणि सगळा घाणा वाया जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो प्रकार.

तरीही केवळ पैशाचा प्रश्न असता तर मी ‘हौसेला मोल नाही’ म्हणून गप्प बसलो असतो. घरात चार वर्षांची मुलगी आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ पातळी डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, हे तेच केंद्र सांगते. भट्टीवरच्या मळीची राख, हाताला लागलेले शिसे, पुंगळ्या साफ करायला कोरड्या घुसळताना उडणारी प्रायमरची धूळ, हे सारे कपड्यांवरून आणि चपलांवरून घरात येते. गॅरेजचे दार जर आपल्या स्वयंपाकघरात उघडत असेल, आणि त्या भागातील बहुतेक घरांत ते तसेच उघडते, तर या जोखमीला वर्षाचे ३०० डॉलर हे मोल मला मान्य नाही. ओतकामाचे ७०० डॉलर पूर्णपणे काढून टाकावेत.

क्रेडिट कार्डाबद्दल फार लिहीत नाही. आपल्या कार्डाचा दर २२ टक्के आहे. ४,८०० डॉलर वर्षभर तसेच राहिले तर व्याज सुमारे १,०५० डॉलर होते, आणि भरण्याची व ओतण्याची मिळून आपली वर्षाची सगळी बचत ७७८ डॉलर आहे.

२०२०-२१ च्या टंचाईचा आपला मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. त्या वेळी मागणी एकाएकी वाढली, रेमिंग्टनसारखी जुनी कंपनी जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि नाइन एमएमचे भाव दुपटीहून वर गेले. परंतु तेव्हा दुकानातून प्रायमरही नाहीसे झाले होते. ज्यांच्याकडे यंत्र होते पण प्रायमर नव्हते, ते इतरांसारखेच हात बांधून बसले. टंचाईपासून संरक्षण साठा देतो, यंत्र देत नाही. नाइन एमएमच्या हजार-हजारांच्या दोन पेट्या, म्हणजे ५०० डॉलर, सवलतीत घेऊन कपाटात ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

सामन्यासाठी मऊ धक्क्याचे काडतूस हवे, हे आपले दुसरे कारणही खरे आहे. सामन्यातल्या कमी जोराच्या काडतुसांच्या, म्हणजे मायनर, वर्गात गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले सेकंदाला फुटांमधला वेग, भागिले हजार, हा आकडा १२५ भरला की पुरते. १२४ ग्रेनच्या गोळीला १,०१० चा वेग पुरतो आणि कारखान्याचे काडतूस सहसा त्याहून बरेच जोरकस असते. पण हा फायदा बचतीच्या नव्हे, हौसेच्या खात्यात लिहावा आणि महिन्याच्या हौसेच्या रकमेतूनच भागवावा.

क्लबातील मित्रांना वर्षाला दोन हजार काडतुसे विकून खर्च भरून काढण्याचा विचार सोडून द्यावा. विक्रीसाठी काडतुसे बनवायला फेडरल परवाना लागतो. त्याचे शुल्क तीन वर्षांना अवघे ३० डॉलर आहे, त्यामुळे लोक फसतात. पुढे ११ टक्के उत्पादनकर, त्याची विवरणपत्रे आणि उत्पादकाच्या जबाबदारीचा विमा येतो, आणि घराच्या पॉलिसीत धंद्यातून उद्भवलेला दावा सहसा बसत नाही. ज्या मित्रांची नावे आपण घेतली त्यांपैकी एक एच-वन-बीवर आहेत. बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखा ठरावीक अपवाद वगळता, बंदूकच नव्हे तर काडतूस बाळगणेही फेडरल गुन्हा आहे. त्यांना भेट म्हणूनही देऊ नका.

मग करावे काय? आपण निवृत्ती खात्यात पगाराच्या ४ टक्के भरता आणि कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते, असे आपल्याच पत्रात आहे. १,१०,००० च्या पगारावर आपण दरवर्षी कंपनीचे १,१०० डॉलर सोडून देत आहात. पुढच्याच पगारापासून तो आकडा ६ करावा. त्यानंतर तीन-चार महिने बाजूला टाकून ५०० डॉलर रोख जमले की साधे टरेट प्रेस (हाताने चालवायचे भरण्याचे यंत्र), फॉर्टी फाइव्हच्या डाय (त्यात बसवायचे साचे), चांगला काटा आणि छापील लोडिंग मॅन्युअल घ्यावे, आणि लेप दिलेल्या गोळ्या विकतच आणाव्यात. बाराशे काडतुसे तासाला दीडशेच्या गतीने वर्षात आठ तासांत होतात, तासाला २८ डॉलर सुटतात आणि यंत्राचे पैसे दोन वर्षे नि थोड्या महिन्यांत निघतात. पुंगळ्या ओल्या पद्धतीने, घराबाहेर धुवाव्यात, भरण्याच्या कामाचे कपडे वेगळे ठेवावेत. पावडर टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये न ठेवता मूळ डब्यातच, घरातील थंड, कुलूपबंद कपाटात ठेवावी. घरातील साठ्यासाठी अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय मानकाची मर्यादा २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर अशी आहे, आपल्याला त्याचा लहानसा भागही लागणार नाही. पिस्तुलाच्या पुंगळीत पावडर इतकी थोडी असते की चुकून दुप्पट पडली तरी मावते, आणि अजिबात न पडलेले काडतूस गोळी नळीतच अडकवते. अशा एका चुकीने पिस्तूल गेले तर चार-पाच वर्षांची बचत गेली, हात वाचला तर. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहण्याचा वेळ मी तासाच्या गतीत आधीच धरला आहे.

पुण्याला निघण्याच्या आधीच्या वर्षी नवा माल घेणे थांबवावे आणि उरलेली काडतुसे सामन्यांत संपवावीत. प्रेस आणि डाय अमेरिकेतच विकाव्यात. चांगल्या नावाची यंत्रे जुनी झाली तरी निम्म्याहून अधिक किंमत देतात. यातले काहीही सामानाच्या कंटेनरमध्ये घालू नये, आठवण म्हणून ठेवलेले एखादे काडतूससुद्धा नाही, कारण भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे आणि ते बनवणे त्याहून गंभीर गुन्हा आहे.