पाणी आत्म्यापर्यंत चढलं की गळ्यापर्यंत?

तुमचा प्रश्न असा की स्तोत्र 69 तुम्ही दोन इंग्लिश बायबलांत वाचलंत, जुन्या किंग जेम्समध्ये पाणी माझ्या 'सोल'पर्यंत आलंय आणि नव्या एनआयव्हीमध्ये (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) 'नेक'पर्यंत, मग दोघांतलं खोटं कोण बोलतंय आणि हिब्रूचं इंग्लिश करणं एवढं अवघड का जातं. खोटं कोणीच बोलत नाहीये. पुढचं वाचायला मात्र चहा घेऊन बसा.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. पोटासाठी मी इन्शुरन्स पॉलिसी आणि बँकेचे फॉर्म मराठीत करतो. हिब्रू नुसती हौस, पुण्यात एका निवृत्त फादरांकडे चार वर्षं रविवारी संध्याकाळी पाच-सहा जण बसायचो, त्यात एक अलिबागकडचे बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) काका होते, सत्तरीचे, ज्यांना प्रार्थना लहानपणापासून तोंडपाठ पण अर्थ धड माहीत नाही, म्हणून म्हातारपणी शिकायला आलेले. म्हणजे मी काही विद्वान नाही, भाषांतरकार आहे आणि भाषांतरकाराला जिथे ठेच लागते तिथलं मला बरोबर दिसतं, एवढंच.

तर ती ओळ. हिब्रूत ती अशी आहे: की वाऊ मायिम अद नाफेश. कारण पाणी आलंय नेफेशपर्यंत. (वाक्याच्या शेवटी आला की नेफेशचा नाफेश होतो, ते सोडा.) मी वहीत ऐटीत लिहिलं, 'पाणी माझ्या आत्म्यापर्यंत आले आहे.' फादरांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आत्म्याला पाणी लागतं कधी? तू पुरात उभा आहेस असं समज. कुठपर्यंत आलं तर देवाला हाक मारशील?" मी नकळत गळ्याला हात लावला. ते म्हणाले, "हं, तोच नेफेश."

नेफेशचा अगदी जुना अर्थ गळा, घसा. त्यातून श्वास, श्वासातून प्राण, मग इच्छा, भूक, मी स्वतः, एखादी व्यक्ती, असं सगळं एकाच शब्दात. यशया 5:14 मध्ये अधोलोक आपला नेफेश वासतो आणि तोंड उघडतो, तिथे आत्मा बसवून बघा, बसतच नाही. आता 1611 सालच्या किंग जेम्सवाल्या मंडळींना हे कसं कळावं? 1929 पासून सिरियात उगारित नावाच्या जुन्या शहराचं खोदकाम झालं, मातीच्या पाट्या निघाल्या, त्यावरची भाषा हिब्रूची चुलत बहीण, आणि त्यात हाच शब्द सरळसरळ घसा म्हणून वापरलेला. मग नंतरच्या भाषांतरांना 'नेक' लिहायला बळ आलं. म्हणजे तुमच्या दोन प्रतींमध्ये फरक आहे तो नुसत्या आवडीनिवडीचा नाही, मधे साडेतीनशेहून जास्त वर्षं गेलीत आणि जमिनीतून पुरावा वर आलाय.

पण खरी गंमत उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. समुद्रातले जीव, जमिनीवरची जनावरं, यांना हिब्रू म्हणते नेफेश हाय्या. मातीच्या माणसाच्या नाकात देव फुंकर मारतो तेव्हा माणूस काय होतो? नेफेश हाय्या. अक्षर न अक्षर तेच! किंग जेम्समध्ये मात्र माशाला आणि गुराला 'क्रीचर' आणि माणसाला 'सोल'. मूळ लेखकाने दोघांना एका पंगतीत बसवलं होतं, वाढप्याने ताटं बदलली. आणि एकदा 'सोल' आला की त्याच्याबरोबर शरीर वेगळं आणि आत्मा वेगळा ही सगळी ग्रीक वळणाची कल्पना दारातून आत येते, जी त्या हिब्रू ओळीत मुळात नाहीये. म्हणूनच रॉबर्ट ऑल्टर या अमेरिकन अभ्यासकाने एकट्याने अख्ख्या हिब्रू बायबलचं इंग्लिश केलं (2018 मध्ये पूर्ण छापून आलं) त्यात त्याने 'सोल' शब्दाला सरळ फाटा दिला.

आपल्याकडे जीव आहे. जीव घशाशी आला, जीव लागला, जीव गेला, जिवाला खातोय. नेफेशच्या इतक्या जवळ जाणारा शब्द इंग्लिशकडे नाही असं माझं मत. तरी लगेच कॉलर ताठ करू नका, कारण तोरामध्ये (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत) गणना 6:6 ला प्रेतालाही नेफेश म्हटलंय, आणि मढ्याला जीव म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

चार वर्षांत मला कळलेली मुख्य गोष्ट हीच, की दुर्मिळ शब्द एवढा त्रास देत नाहीत, त्यांना तळटीप देऊन सुटता येतं. छळतात ते रोजचे, अंगाचे शब्द. हिब्रूला राग यायचा म्हणजे नाक तापतं. 'अफ' म्हणजे नाक आणि 'अफ' म्हणजेच राग. निर्गम 34:6 मध्ये देव स्वतःची ओळख सांगताना म्हणतो मी एरेख अप्पायिम, शब्दशः लांब नाकाचा! किंग जेम्स म्हणतं 'लाँगसफरिंग', नवे म्हणतात 'स्लो टु अँगर'. अर्थ बरोबर, नाक गायब. आपल्याकडे एखादी आत्या असतेच जिच्या नाकावर राग असतो, तर नाक लांब असलं की राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागत असेल अशी मी माझी समजूत करून घेतलीये. व्याकरणात याला काडीचा आधार नाही, फादर फक्त हसले होते.

तसंच उत्पत्ती 43:30. योसेफ इतक्या वर्षांनी सख्ख्या भावाला, बन्यामीनला बघतो आणि त्याचे 'रहामीम' तापतात. रहामीम म्हणजे कळवळा, आणि तो शब्द रेहेमच्या कुळातला, रेहेम म्हणजे गर्भाशय. किंग जेम्सने बिनधास्त लिहिलं की त्याची आतडी, 'बॉवेल्स', भावासाठी ओढ घेऊ लागली. आज इंग्लिश माणूस ते वाचून हसतो, त्याला डॉक्टरकडे जायला हवं असं वाटतं, म्हणून एनआयव्हीने केलं 'डीपली मूव्ह्ड'. अहो, 'डीपली मूव्ह्ड' तर कंपनीच्या शोकसंदेशातही लिहितात! मराठीत नुसतं 'त्याच्या पोटात कालवलं' म्हणा, काम झालं. मला विचाराल तर इथे किंग जेम्सवाल्यांची छाती मोठी होती, चुका असतील त्यांच्या शंभर, पण अंगाला अंग म्हणायला ते लाजले नाहीत. 1 शमुवेल 24 मध्ये शौल राजा गुहेत 'पाय झाकायला' जातो, त्यांनी तसंच ठेवलं, आता बिचाऱ्या वाचकाला कळेना की पाय का झाकतोय. नव्यांनी 'रिलीव्ह हिमसेल्फ' केलं. आपले आजोबा म्हणाले असते परसाकडे गेला, आणि अर्थही कळला असता आणि आडपडदाही राहिला असता.

आता स्वर. हिब्रू लिहिताना मुळात व्यंजनंच लिहायचे, काना-मात्रा-वेलांट्या नाहीत. समजा मराठीत कोणी नुसतं क-म-ल लिहिलं, तर ते कमल, कमाल की कोमल? संदर्भाने वाचता येतं बऱ्याचदा, आणि वाचायची पद्धत पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आली. मग मासोरी पंडितांनी (हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या ज्यू मंडळींनी) खाली-वर टिंबं-रेघा देऊन ती पक्की केली, पण तोपर्यंत इसवी सनाची सात-आठ-नऊ शतकं उलटलेली. आज बहुतेक भाषांतरं ज्या संपूर्ण हस्तलिखितावर उभी आहेत ते साधारण 1008 चं, सेंट पीटर्सबर्गला आहे. आता बघा, उत्पत्ती 47:31 मध्ये म्हातारा याकोब म-ट-ह च्या टोकाशी वाकतो. मासोरी म्हणतात मिट्टा, म्हणजे पलंग. त्यांच्या कित्येक शतकं आधीच्या ग्रीक भाषांतरकारांनी वाचलं मट्टे, म्हणजे काठी. नव्या करारातल्या इब्री पत्राने ग्रीक उचललं. त्यामुळे किंग जेम्सच्या एकाच जिल्दीत तोच म्हातारा उत्पत्तीत उशाशी वाकतो आणि शेवटाकडे काठीवर टेकतो.

देवाच्या नावाचं तर काय सांगू. चार अक्षरं, योद-हे-वाव-हे. पहिल्यांदा ती समोर आली तेव्हा मी उत्साहाने जुळवून वाचायला लागलो, य... ह... तर काकांनी माझ्या वहीवर हातच ठेवला. "ते वाचायचं नसतं रे. अदोनाय म्हण." मला एकदम आजी आठवली. रेशनच्या लायनीत नवऱ्याचं नाव विचारलं की ती बाबांना कोपर मारायची, तू सांग. मासोरी लोकांनीही हेच केलं, त्या चार अक्षरांना अदोनायची टिंबं लावली, वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून. युरोपातल्या पंडितांनी अक्षरं एकाची आणि स्वर दुसऱ्याचे असं एकत्र वाचलं आणि झालं जेहोवा. इंग्लिश बायबलं आता बहुतेक करून सगळी कॅपिटल अक्षरं वापरून 'लॉर्ड' छापतात. डोळ्याला फरक दिसतो, कानाला नाही, त्यामुळे स्तोत्र 110 मोठ्याने वाचलं की 'लॉर्डने माझ्या लॉर्डला म्हटलं' असं ऐकू येतं. हिब्रूत पहिलं ते चार अक्षरी नाव आहे आणि दुसरं साधं 'माझा धनी', काही गोंधळ नाही.

आणि इंग्लिशचा तो 'यू'! हिब्रूत तू पुरुष वेगळा, तू बाई वेगळी, तुम्ही वेगळे. गीतरत्नात (बायबलमधल्या प्रेमगीतांत) प्रियकर बोलतोय की प्रेयसी हे बऱ्याचदा त्या 'तू'वरूनच कळतं. इंग्लिशमध्ये सगळं सपाट, म्हणून प्रकाशक मधेमधे 'ही', 'शी' अशी लेबलं लावतात, नाटकाच्या संहितेसारखी. मराठीला 'आलास' आणि 'आलीस' आयतं मिळालंय.

श्लेष म्हणजे तर भाषांतरकाराचं सपशेल दिवाळं. आमोस 8 मध्ये देव टोपली दाखवतो, त्यात कायित्स, उन्हाळी फळं. लगेच म्हणतो माझ्या लोकांचा केत्स, म्हणजे शेवट, आलाय. किंग जेम्स वाचणाऱ्याला कळतच नाही की फळावरून एकदम शेवट कुठून आला. एनआयव्हीने शक्कल लढवली, पिकलेली फळं आणि वेळही 'राइप' झाली, चांगलं जमलंय. मी वहीत लिहिलं, 'टोपली भरलीय, तुमचेही दिवस भरलेत.' जाम खूश होतो स्वतःवर. फादरांनी खाली लाल पेनाने लिहिलं, 'फळं कुठे गेली?'

उलट 'ईश' (पुरुष) आणि 'इश्शा' (बाई) हा शब्दांचा खेळ इंग्लिशला 'मॅन-वूमन'मध्ये फुकटात मिळाला, आपल्याला नर-नारीत.

श्रद्धेचा भाग मी मुद्दाम थोडक्यात ठेवतोय, कारण त्यावर कॉमेंटमध्ये मारामारी होते. यशया 7:14 मधली 'अल्मा' म्हणजे तरुण मुलगी, ग्रीकने 'कुमारिका' केलं, किंग जेम्सने तेच ठेवलं. 1952 च्या आरएसव्हीने (रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन) 'यंग वूमन' छापलं तर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाद्र्याने ते पान जाहीरपणे जाळलं. आणि त्याच्या चारशे वर्षं आधी, ज्याने हिब्रूतून इंग्लिश करायला सुरुवात केली त्या टिंडलला 1536 मध्ये जीवच गमवावा लागला. त्याचं तुरुंगातून लिहिलेलं पत्र आहे, थंडीसाठी टोपी मागतो, संध्याकाळी दिवा मागतो आणि सगळ्यात कळकळीने मागतो ते हिब्रू बायबल, व्याकरण आणि शब्दकोश. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनीही केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते पूर्ण छापून निघालं. एवढ्या कामाचा उल्लेख आपण शाळेत किती ऐकतो ते तुम्हीच आठवून बघा.

आता कुठलं घ्यावं? तुमच्याकडे दोन आहेतच, ती राहू द्या. तिसरं घ्यायचं तर ऑल्टर, महाग आहे पण टीपा मस्त आहेत. ज्यूंचं स्वतःचं वाचायचं असेल तर जेपीएसचं (ज्यूइश पब्लिकेशन सोसायटी) 1985 चं बघा, त्यात उत्पत्तीची पहिलीच ओळ वेगळी सापडेल, 'आरंभी देवाने निर्माण केलं'च्या जागी 'देव निर्माण करू लागला तेव्हा', आणि तसं वाचायला अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या ज्यू भाष्यकाराचा आधार आहे. फक्त त्यात ही गळ्याची ओळ शोधताना 69:1 ला जाऊ नका, ज्यू आवृत्तीत स्तोत्राच्या वरचा 'गायकांच्या प्रमुखासाठी' वगैरे मथळाच पहिलं वचन धरतात, तुमची ओळ 69:2 ला मिळेल. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.