समाजसेवा नव्हे, हिशेबाचे काम

सोलापूरच्या एका टॉवेल कारखानदारांनी विचारले आहे : मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान उद्योजक आणि कामगार यांची परिस्थिती सुधारेल असे काम करायचे म्हणते. समाजसेवेवर पोट भरेल का, की तिने बँकेच्या परीक्षाच द्याव्यात?

स. न. वि. वि.

आपली काळजी रास्त आहे. परंतु मुलगी म्हणते ते काम दानधर्माचे नसून बहुतांशी हिशेबाचे आहे. लहान कारखानदाराचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत, अन्यथा खरेदीदाराने रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो. तरीही उधारी अडकते, कारण कोणाची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) नसते, कोणाची बिले नीट नसतात, तर कोणी मोठे गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तक्रारच करत नाही (अशी येणी आपल्याही वहीत असतील). मालकाचे पैसे अडकले की कामगाराची मजुरी लांबते. ही गाठ सोडवायला वाणिज्य शाखेचेच माणूस लागते.

हिशेबाच्या बळावर काय उभे राहते, याचे उदाहरण पाहा. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका लिहावाचायला शिकल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी ठेवली आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

मात्र छोटी कर्जे देणारी प्रत्येक संस्था हितकारकच असते असे नाही. एकाच घराला अनेक संस्थांनी कर्जे दिली आणि वसुलीचा जाच वाढला, म्हणून २०१०मध्ये आंध्र प्रदेश सरकारला कायदा करावा लागला. नोकरी स्वीकारण्यापूर्वी हप्ता चुकलेल्या कर्जदाराशी संस्था कशी वागते, हे मुलीने अवश्य विचारावे.

बँकेच्या परीक्षा आणि हे काम यांत विरोध नाही. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम १९९२मध्ये नाबार्डनेच (शेती व ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेनेच) सुरू केला आणि नाबार्डची अधिकारीपदे परीक्षेनेच भरली जातात. पुढे शिकायचे असल्यास टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूर केंद्र आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, गुजरातमधील आणंदची ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्थाही आहे, पण त्याआधी एक वर्ष प्रत्यक्ष काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीचा पगार बँकेपेक्षा कमी असू शकतो, हे तिला आधीच सांगा.

तोपर्यंत आपल्या कारखान्याची येणी-देणी महिनाभर तिच्याकडे सोपवा आणि ४५ दिवस उलटून गेलेल्या बिलांची यादी तिच्याकडून करून घ्या.