क्लीन रूमसाठी तासाला किती एअर चेंज: २० की ६०?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसईला कॅथेटर (शरीरात घालायची वैद्यकीय नळी) जोडणी आणि पॅकिंगसाठी ६ बाय ५ मीटरची, २.७ मीटर उंचीची आयएसओ ७ दर्जाची क्लीन रूम, म्हणजे हवेतले कण ठरावीक मर्यादेत ठेवणारी खोली, बांधायची आहे. एक कन्सल्टंट तासाला २० एअर चेंज (म्हणजे खोलीच्या आकारमानाइतकी गाळलेली हवा तासात २० वेळा आत सोडणं) पुरे म्हणतो, दुसरा ६० शिवाय सही करत नाही. मानकात नेमकं काय लिहिलं आहे?

मानकात हा आकडा नाहीच. आयएसओ १४६४४ या क्लीन रूमच्या मानकाच्या पहिल्या भागात दर्जा ठरतो तो फक्त हवेतल्या कणांच्या मोजणीवर. आयएसओ ७ म्हणजे एका घनमीटरमध्ये अर्धा मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण ३,५२,००० च्या आत. ते कण तुम्ही किती हवा फिरवून आटोक्यात ठेवता, यात मानक पडत नाही. २० हा आकडा बहुतेकांच्या डोक्यात बसला आहे तो अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेमुळे. ती निर्जंतुक औषधांच्या भरणीसाठी आहे, आणि तिथेही २० म्हटलं आहे ते आजूबाजूच्या आयएसओ ८ खोल्यांसाठी. ६० कुठून येतो? जुन्या तक्त्यांमधून, आणि खरं सांगायचं तर ऑडिटच्या भीतीतून. जास्त हवा दिली की कोणी प्रश्न विचारत नाही, वीजबिल मात्र तुम्हीच भरता.

आता तुमच्या खोलीचं गणित करू. आकारमान ८१ घनमीटर. २० एअर चेंज म्हणजे तासाला १,६२० घनमीटर, साधारण ९५० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). म्हणजेच मिनिटाला २७ घनमीटर स्वच्छ हवा. हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून) आलेल्या हवेत कण जवळपास नसतात. खोलीतले कण येतात ते माणसांमुळे आणि मशीनमुळे. समजा, आत काम करणारी सगळी माणसं आणि मशीन मिळून मिनिटाला १० लाख कण सोडतात. हवा नीट मिसळत असेल तर खोलीतली पातळी १० लाख भागिले २७, म्हणजे घनमीटरला सुमारे ३७,००० वर स्थिरावेल. मर्यादेच्या जवळपास दहावा भाग. हे १० लाख मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमचा आकडा गाऊन कसा आहे, माणसं किती आणि त्यांची हालचाल किती यावर ठरेल. पण इथे एक गोष्ट दिसते: कण निम्मे केले तर हवा दुप्पट केल्याचाच परिणाम मिळतो, आणि चांगला गाऊन पंख्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

दुसरा हिशेब खोली सावरण्याचा, म्हणजे कण वाढल्यावर ती पुन्हा स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो याचा. एका एअर चेंजमध्ये सगळी जुनी हवा बाहेर जाते, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही, कारण नवी हवा जुनीत मिसळत जाते आणि एका बदलानंतरही सुमारे ३७ टक्के कण मागे उरतात. कण शंभरातून एकावर यायला २० एअर चेंजला सुमारे १४ मिनिटं लागतात, ४० ला ७ आणि ६० ला साडेचार. म्हणजे हवा तिप्पट करून तुम्ही साडेनऊ मिनिटं वाचवता. युरोपच्या निर्जंतुक औषधांच्या नियमावलीतही, काम थांबून माणसं बाहेर गेल्यावर खोली २० मिनिटांच्या आत सावरावी एवढीच मार्गदर्शक अपेक्षा आहे. तुमचं उत्पादन औषध नाही, तरी तुलनेला हा आकडा उपयोगी आहे.

तुमच्या बाबतीत आकडा बहुधा उष्णता ठरवेल, कण नव्हेत. खोलीपेक्षा १० अंश थंड हवा सोडली, तर २० एअर चेंजमध्ये साधारण साडेपाच किलोवॉट उष्णता निघते. सीलिंग मशीन, दिवे आणि माणसं मिळून ८ किलोवॉट होत असतील तर ३० च्या आसपास जावंच लागेल. दोन्ही कन्सल्टंटना हा उष्णतेचा तक्ता मागा. तो न करता सांगितलेला २० असो की ६०, दोन्ही अंदाजच.

पंख्याची वीज हवेच्या प्रवाहाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात बदलते. त्याच डक्टमध्ये हवा २० टक्क्यांनी कमी केली तर वीज जवळपास निम्मी लागते. म्हणून एएचयूला (हवा थंड करून, गाळून फिरवणाऱ्या यंत्राला) व्हीएफडी, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, घ्याच.

एअर चेंज म्हणजे ताजी हवा, हा गैरसमजही आधीच दूर करतो. फिरणारी बहुतेक हवा तीच असते, परत गाळून आत येते. बाहेरची हवा फक्त माणसांसाठी, एक्झॉस्टची भरपाई करायला आणि खोलीत दाब टिकवायला लागते. वसईच्या पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, आत २२ अंश आणि ५० टक्के, म्हणजे बाहेरून घेतलेल्या प्रत्येक किलो हवेतून १५ ग्रॅमच्या आसपास पाणी पिळून काढायचं. तासाला ३०० घनमीटर ताजी हवा घेतली तर सुमारे ५ लिटर. गरजेपेक्षा जास्त ताजी हवा घेतली की चिलर त्यातच दमतो आणि जुलैमध्ये आर्द्रता हाताबाहेर जाते.

एक अपवाद आहे. उघड्या उत्पादनावर लॅमिनार फ्लो (एकाच दिशेने सरळ वाहणारी हवा) लावणार असाल, तर तिथे एअर चेंजची भाषाच सोडा. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत शोधली, तिचा गाभाच हा की हवा मिसळू द्यायची नाही, एकाच दिशेने सरकवत न्यायची. तिथे वेग मोजतात, साधारण ०.४५ मीटर प्रति सेकंद. २.७ मीटर उंचीच्या खोलीत पूर्ण छतातून या वेगाने हवा सोडली तर तासाला ६०० एअर चेंज होतात. छत ३.६ मीटरवर नेलं तर ४५०. उत्पादनावरून जाणाऱ्या हवेचा वेग मात्र दोन्हीकडे सारखाच.

ड्रॉइंग तपासताना रिटर्न, म्हणजे खोलीतली हवा परत ओढणारी तोंडं, कुठे आहेत ते आधी बघा. ते भिंतीत जमिनीलगत हवेत, आणि एकाच बाजूला नकोत. छतातून सोडलेली हवा छतातूनच परत ओढली, तर बरीचशी हवा टेबलापर्यंत न पोचताच निघून जाते. मग कागदावर ४० एअर चेंज असून कोपऱ्यात कण साचतात.

माझा सल्ला: एएचयू ३५ पर्यंत पेलेल असा घ्या, २५ वर चालू करा. मग माणसं काम करत असताना कण मोजा आणि आयएसओ १४६४४ च्या तिसऱ्या भागातली रिकव्हरी टेस्ट (खोली किती वेळात सावरते ते मोजणारी) लावा. दोन्ही मोजण्या मर्यादेच्या खूप आत असतील आणि तापमान, आर्द्रता आणि शेजारच्या खोलीशी ठेवलेला १० ते १५ पास्कलचा दाबाचा फरक टिकत असेल, तर हवा टप्प्याटप्प्याने कमी करत प्रत्येक टप्प्याला पुन्हा मोजा. रात्री काम बंद असताना आणखी खाली आणता येतं, पण पंखा पूर्ण बंद करू नका. दाब गेला की चेंज रूमची धूळ आत येते. या मोजण्यांचे रिपोर्ट फाइलला लावा. ऑडिटर विचारेल की हा आकडा कशावरून, तेव्हा तेच दाखवायचे आहेत.